बिनसाखरेचा कप

नाही पटायचं तुले. शेवंताबाई बोलते अन् ते खरं हाये, असं या गावात आजवर कोनी मानलं नाही, तू कायले मानशील? ठेवून पाह्य इस्वास, हिंमत असंन त. — थांब, बोलू नको. बांधावरून येत व्हतीस तव्हाच दिसलं मले तुह्या हातातलं खोकं. पांढरं खोकं, वरून ओलं फडकं, तुह्या सासूच्या फ्रीजमधलं. अन् त्याच्यावर इंग्रजीत काय लिव्हलं हाये ते तू वाचलं. वाचलंच असंन ना, फार्मसी शिकलेली सून आनली सुनंदाबाईनं पिंप्राळ्याहून, ती काय फ्रीज उघडून नुसत्या कैऱ्या मोजंन? तुह्या लग्नात बुंदीवर बुंदी खाल्ली मी — चोरून, मांडवाच्या मागं — तव्हाच कोनी म्हनलं का नवरीले औषधातलं सगळं समजते, अन् माही बुंदी हातातच राह्यली. म्हनलं गेलं, आता आपलं खोकं गेलं.

बरं त मंग. इन्शुलिन नाही ते. डुकरांची लस हाये. मले साखर नाही, कधी नव्हती, सात जल्मात नाही. झालं? आता डोळे मोठे करू नको, बादलीशेजारी ठेव ते खोकं सावलीत, अन् ओढनी खोच कमरेले. — कायले म्हंजे? पिलं धरायले. लस आनली कोनी, तू. पिलं हायेत आठ, माह्ये हात दोन. माहा नवरा मगन व्हता तव्हा तो धरे अन् मी टोचू. तो गेल्यापासून त्या खुंट्याले अन् माह्या गुडघ्याले विचार काय हाल हायेत. आन ते पिलू इकडी. मागचे पाय धर — दोन्ही! — अन् पोटाशी दाब. ओरडू दे. अग, डुक्कर सुईनं नाही ओरडत, उचललं म्हनून ओरडते. सुई त त्याले कळतही नाही. हे पाह्य, कानाच्या मागं, तीन बोटं सोडून… झालं. कळलं का त्याले? तुलेच नाही कळलं. आता ही नीळ घे बोटाले अन् त्याच्या पाठीवर टिका लाव. नाहीत त एकच पिलू दोनदा टोचलं जाते अन् दुसरं तसंच राह्यते, आठी आठ सारखेच गुलामाचे. सोड. दुसरं आन.

आता सांगते तुले. सगळं सांगते, मंग जा अन् सासूले सांग, मी काय भेते का? चार वर्षांमागं माह्या सरपंचीनले — ती पाह्य, चिखलात पसरली ती, मोठी हाये, कोनाचं ऐकत नाही, म्हनून सरपंचीन — तिले अकरा पिलं झाली. अकरा! जामनेरच्या जनावरांच्या दवाखान्यातून लस आनली मी. लस येते तव्हा येते, पिलं त त्यांच्या वेळेले मोठी व्हतात ना, मंग तोवर ठेवायची कुठी? डॉक्टर म्हनले थंडीत ठेव. इथी शेतात लाईन आठ घंटे, ती बी एक हप्ता दिवसा अन् एक हप्ता रातची, फ्रीज घेऊन काय त्याच्यात कपडे ठेवू? म्हनून गेली रुपचंदच्या लस्सीच्या दुकानात. म्हनलं भाऊ, कोपऱ्यात ठेवू दे. त्यो म्हने, डुकराचं औषध? माह्या दह्याशेजारी? उठ म्हने. उठली मी. पन मी काय तशीच येते का? दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकं बसलेली पाह्यली अन् मोठ्यानं म्हनलं, रुपचंद, ती डुकराची बाटली दे ना रे माही, कालची! — ठेवलीच नव्हती व. पन त्या दिवशी गिलासाले कोनी हात लावला नाही. हास, हास. पिलू सोडू नको हासता हासता.

पन त्याच्यानं काय झालं? माही लस त माठातच राह्यली ना. ओल्या फडक्यात बांधून माठात सोडली. मे महिना, इथलं ऊन तुले सांगायले नको. मी आपली त्याच पान्यासारख्या झालेल्या लशीनं अकरा पिलं टोचली, निळीचे टिके लावले, अन् निजली गपगार. मंग पिलांले ताप आला. नऊ गेली, बाई. चार दिवसात नऊ. पाठीवर माही नीळ तशीच. — तिसरं आन. आन ना, पाहत काय राह्यली.

त म्हनून खोटं बोलली. मंग काय करू? पुन्हा नऊ पुरू? तुह्या सासूच्या ओट्यावर जाऊन पडली, म्हनलं सुनंदाबाई, मले साखर निघाली व, दोनशे साठ, डॉक्टर म्हने सुई घ्यावी लागंन, अन् ते औषध गारव्यात ठेवा लागते. रडली बी थोडी. चांगली रडते मी. तिनं तव्हाच्या तव्हा लोनच्याची बरनी सरकवली अन् जागा करून देली. वरच्या कप्प्यात, तिच्या देवाच्या प्रसादाच्या पेढ्यांखाली! रुपचंदचं दही बाटते अन् सुनंदाबाईचे पेढे माह्या डुकरांच्या डोक्यावर — त्या रातीले झोप नाही आली मले हासून हासून.

चौथं का पाचवं? टिके मोज. चार. हा, लबाड हाये हा, पाय नीट धर.

पन एकदा साखर झाली म्हनलं की झाली ना. हप्त्याची सुई म्हनलं व्हतं, त दर सोमवारी जाच लागे. खोकं काढायचं, मागच्या आंगनात शेवग्याच्या आडोशाले जायचं, दहा आकडे मोजायचे, अन् पोट चोळत परत यायचं. सुनंदाबाई तोंड फिरवून बसे. म्हने, अक्का, लई दुखते का? मी म्हनू, सवय झाली बाई. अन् मंग चहा. बिनसाखरेचा. तीन वर्षं, कामिनी! मले चहा म्हंजे पाक लागते, चमचा उभा राह्यला पाह्यजे, अन् तीन वर्षं ते कडू पानी पेली मी दर सोमवारी, तोंड वाकडं न करता. संक्रांतीले तीळगूळ नाही, आखाजीले पुरनपोळी नाही, बायका समोर खात व्हत्या अन् सुनंदाबाई म्हने, अक्काले देऊ नका, तिले चालत नाही. डुकरांसाठी कोनी इतकं करते का? तू करशील? तुह्या नवऱ्यासाठी बी नाही करायची.

खोटं कायले बोलू आता तुह्याशी… चहा कडू व्हता, पन जावंसं वाटे. सोमवार कधी येते असं व्हये. एकदा तीन दिवस लाईट नव्हती त तुह्या ललितले तिनं भुसावळहून बर्फ आनायले लावला. माह्या इन्शुलिनसाठी! सोता बसली त्या खोक्याजवळ पंखा घेऊन. अन् माह्यासाठी कप बी वेगळा काढला. निळ्या फुलाचा, कान तुटला हाये पन चहा गरम राह्यते त्याच्यात, खिडकीत पालथा ठेवलेला असते, पाह्यला असशील तू. म्हने, अक्का, तुमचा बिनसाखरेचा ना, घरातल्या कपात सरमिसळ नको व्हायले. इतकं कोन पाहते व? या बायका काहीबाही बोलतात त्या कपावरून. मी म्हनते बोला. तुमच्या घरी हाये का माह्या नावाचा कप?

सातवं. बस, एकच राह्यलं, ते दांडगं. मी धरते, तू टोच. — हो तूच. फार्मसी शिकली ना? बाटल्याच मोजायच्या का जल्मभर? कानामागं, तीन बोटं. घाबरू नको, मी हाये. दे… हा! पाह्य. हात हलका हाये तुहा. लाव टिका. अन् हा एक तुह्या ओढनीले. — अग लागला चुकून! चुकून. आता सांग जाऊन सासूले का शेवंताबाई डुकरं टोचते तुमच्या फ्रीजच्या लशीनं. विचारंन ना मंग, ही नीळ कुठली सूनबाई? दोघींचीबी एकदम निघू दे वरात.

काय? बोल आता, झालं काम. — काय म्हनलीस?

कोनी पाठवलं?

सासूनं? खोकं देऊन? … काय सांगत व्हती? पुन्हा सांग. "दोन तासांच्या आत टोचून व्हायला पाहिजे, अक्का उन्हात येईल, तूच नेऊन दे." दोन तास मी त कधी बोलली नाही तिच्यापाशी. ते त आतल्या कागदावर लिव्हलेलं असते. — कधी वाचून घेतला तिनं? पहिल्याच महिन्यात? तुले लग्न झाल्या झाल्या सांगितलं? व माय व! तीन वर्षं! अन् मी शेवग्याआड दहा आकडे मोजत बसली, ती तिकडी तोंड फिरवून हासत व्हती, अन् वरून म्हने लई दुखते का! तीळगूळ हिसकला माह्या हातचा! मले फशिवलं व तिनं, मले! या शेवंतीले! माह्या मायची आन, अशी बाई मी पाह्यली नाही. इतकं हासू नको, मले बी हासू येते, पोटात कळ आली.

थर्मास? मले वाटलं बर्फ असंन. उघड. … साखरेचा हाये. वासावरूनच कळते. तिनं पाठवला? दे, दे लवकर, कशात — पिशवीत काय हाये अजून, काढ.

हा व्हय, निळ्या फुलाचा.

हाच पाठवला.

थांब. ओतू नको. एक सांग मले, तू शिकलेली हायेस. मले साखर नाही हे तिले पहिल्या महिन्यापासून ठाऊक. मंग सरमिसळ कायची व्हनार व्हती? तीन वर्षं हा कप खिडकीत पालथा कायले हाये? … तू कायले मान खाली घालते? तू त आत्ता आलीस त्या घरात. तुले नाही बोलून राह्यली मी.

ते दोन गिलास घे, त्या फळीवरचे. धुतलेले हायेत, माह्या हातचे. चहा फेकत नाही मी, तीन वर्षं वाट पाह्यली त्याची. हा माहा. हा तुहा. — पी. अर्ध्या घंट्यापासून माही डुकरं पोटाशी धरून बसली ना, मंग गिलासाचं काय? पी.

पेलीस? … चांगला झाला हाये ना. चहा चांगला करते ती, खोटं नाही बोलनार.

हा कप पिशवीत घाल. परत ने. सांग सुनंदाबाईले, सोमवारी येते म्हने अक्का. साखरेचा पिनार, घरातल्या कपात, तुम्ही पेता तसल्याच. अन् खोक्यावर आता डुकराचं नाव लिव्हून आननार, मराठीत, मोठं. चालत असंन त वरच्या कप्प्यात ठेवा. नसंन चालत त सांगा तोंडावर. सरपंचीन पुन्हा गाभन हाये, पोळ्याले वीनार. मी माठात ठेवीन, नाहीत त — नाही, माठात नाही. माठात नाही ठेवनार. तुह्या घरच्या फ्रीजवाचून ही पिलं जगत नाहीत, ते तिलेबी ठाऊक, मलेबी ठाऊक. तरी कप परत ने.

ओढनी धुऊ नको घरी जाईपर्यंत. दिसू दे तिले. अशी पाहत काय बसली? ऊन चढलं. जाय आता.