आमच्या गल्लीची मोजणी

…नाही, पण मला का विचारलं? एवढंच सांगा मला, बाकी काही नको! सत्तर वर्षं झाली जन्माला येऊन, एका माणसानं मला कधी कशाबद्दल विचारलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा विचारलं नाही, थेट तारीख कळवली. पोरांची नावं ठेवली, धाकट्याचं तर मला शेजाऱ्याकडून कळलं. चाळीस वर्षं रोडरोलर चालवला, ह्या शहरातले निम्मे रस्ते माझ्या बुडाखाली सपाट झालेत, पण साहेब कधी म्हणाला का, की बाबा रे, रस्ता कुठून न्यावा असं तुला वाटतं? "ए, घे पुढं! ए, घे मागं!" संपलं. आणि आता, गुडघे गेल्यावर, दात गेल्यावर, एक पोरगी दारात उभी राहते, हातात रंगीत कागद, आणि म्हणते कशी, "आजोबाऽ, तुमच्या गल्लीबद्दल तुमचं मत हवंय!" मत! माझं! तुम्हाला सांगतो, मी मागं वळून बघितलं, म्हटलं माझ्या पाठीमागं दुसरा कोणी आजोबा उभा आहे की काय.

आता गल्ली कसली? इकडं एक मोठा रस्ता, तिकडं दुसरा मोठा रस्ता, मधे आमची ही बारा पावलांची बोळकांडी. मोठ्या रस्त्यावर सिग्नल लागला की सगळ्या गाड्या घुसतात आमच्यात, शॉर्टकट! अशा सुटतात, जसं घरी दूध उतू चाललंय. मागल्या वर्षी एका टेंपोचा आरसा लागला आमच्या हिच्या कोपराला, पडली दाणकन, सहा आठवडे हात प्लास्टरमधे. हात जुळला हो, पण मन काही जुळलं नाही. तेव्हापासून एकटी रस्ता ओलांडत नाही. आणि हिची थोरली बहीण राहते कुठं? बरोब्बर समोर! खिडकीसमोर खिडकी! चाळीस वर्षं ह्या दोघी दिवसातनं दहादा इकडून तिकडं करायच्या, एकीची भाजी दुसरीच्या गॅसवर. आणि आता मी हिला हाताला धरून न्यायचं, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, आणि तिथं बसायचं, आणि दोघींचं ऐकायचं. तुम्ही ऐकलंय कधी दोन बहिणींचं बोलणं? त्यात आपल्याला तोंड घालायला फट नसते. आणि रात्रीचं उरलंसुरलं खिडकीतनं ओरडून… "ताईऽ, मीठ कमी पडलं का गंऽ?" अख्ख्या गल्लीला कळतं, मीठ कमी पडलं.

तर तो कागद. मला अक्षर ओळखू येत नाही असं नाही, एकेकटं आलं तर ओळखतो, घोळक्यानं आलं की घोटाळा होतो. म्हणून वरच्या मजल्यावरच्या हेडक्लार्ककडं नेला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण माणूस अजून बोलत नाही, वाचून दाखवतो. चष्मा चढवला, खाकरला, "सायकलींसाठी सुरक्षित मार्ग व निवासी गल्ल्यांची सुधारणा. नागरिकांशी विचारविनिमय. प्रथम प्रत्येक गल्लीतील वाहनांची मोजणी करण्यात येईल…" मी म्हटलं, बास! थांबव. कळलं मला.

कारण मोजणी म्हणजे काय ते मला विचारा ना! चाळीस वर्षं बघितलंय. आधी मोजणारे येतात. मोजणारे नेहमी गोड बोलतात, पाणी मागतात, पोराबाळांची चौकशी करतात. मग खडूवाले येतात, तुमच्या भिंतीवर फुली मारतात. मग फोडणारे येतात, तुमच्या दारातल्या पायऱ्या उचलतात, रस्ता रुंद करायला. आणि सगळ्यात शेवटी कोण येतो? मी! रोलर घेऊन! किती जणांच्या पायऱ्यांवरनं मी रोलर फिरवलाय, आणि घरवाले दारात उभे राहून माझ्याकडं असे बघायचे, जसं काही मीच मोजलं होतं. आता माझ्या दारात पायऱ्या किती? तीन. संध्याकाळी मी बसतो कुठं? मधल्या पायरीवर. मग? मला का विचारलं, कळलं ना आता?

हेडक्लार्क म्हणाला, "अहो रोलरराव, पुढचं ऐका तरी, पुढं महत्त्वाचं आहे." मी म्हटलं, पुढचंच तर मी आयुष्यभर चालवलंय.

तरी मीटिंगला गेलो. शत्रूच्या गोटात जाऊन बघावं माणसानं. शाळेचा हॉल, पोरांच्या खुर्च्या, एवढ्याशा! गुडघे हनुवटीला लागलेत आणि समोर टेबलावर नकाशा. आणि बिस्किटं! सरकारी टेबलावर बिस्किटं, तीसुद्धा क्रीमची! माझ्या मनात पाल चुकचुकली. ती दारात आलेली पोरगी नकाशापाशी उभी, म्हणते, "आजोबा, ह्या लाल टिकल्या. जिथं धोका वाटतो तिथं चिकटवा." मी विचारलं, आमची गल्ली कुठली? तिनं दाखवली. मी सगळ्या टिकल्या घेतल्या, आणि अकराच्या अकरा हेडक्लार्कच्या खोलीवर चिकटवल्या. ती गंभीर झाली, वही काढली, "आजोबा, इथं नक्की काय धोका आहे?" म्हटलं, तिथला माणूस मोठ्यानं वाचतो. तर तिनं ते लिहून घेतलं! खरंच लिहिलं हो! मला वाटलं, जे माणूस हेसुद्धा लिहून घेतं, ते काय काय लिहून नेईल?

आणि मग आली ती नळी. एका सकाळी बघतो तर गल्लीच्या बरोब्बर मध्यावर, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, काळी रबरी नळी आडवी, आणि खांबाला साखळीनं बांधलेलं खोकं. गाडी गेली की नळीत फुस्स, खोक्यात टिक. फुस्स-टिक. फुस्स-टिक. सात दिवस असणार म्हणे, खोकं आपलं आपण मोजणार, बघायलासुद्धा कोणी येणार नाही. आता बघा, माणूस मोजायला असता तर त्याला चहा पाजून गप्पांत गुंतवला असता. खोक्याला काय पाजू?

पण मीही रस्त्यातच म्हातारा झालोय. निवृत्त झालो तेव्हा मला कोणी घड्याळ दिलं नाही, म्हणून मीच डेपोतनं चार पिंपं उचलून आणली होती, लाल-पांढरे पट्टे मारलेली. ही त्यात पाणी भरते. सकाळी सहाला पाणी ओतलं, दोन पिंपं ह्या तोंडाला, दोन त्या तोंडाला, वर आडवी फळी, फळीवर लाल फडकं, आणि शेजारी खडीची दोन घमेली ओतून ठेवली. खडी लागतेच! खडी नसली तर लोकांना शंका येते. झालं! गल्ली बंद! आणि तुम्हाला सांगतो, सात दिवसांत एका माणसानं विचारलं नाही, कोणाची परवानगी, कसलं काम! गाडीवाला यायचा, पिंप बघायचा, कपाळावर आठी, मागं फिरायचा, आणि जायचा मागच्या गल्लीतनं. सायकलवाले फळीच्या बाजूनं निसटायचे तेवढेच. माणसाला शंभर प्रश्न विचारतात, पिंपाला कोणी विचारत नाही!

मी आपला पायरीवर बसून खूश. एखाद्या सायकलीचं बारीक टिक सोडलं, तर टिक नाही नि फुस्स नाही. म्हटलं, मोजा आता, भोपळा मोजा!

…आणि एक सांगू? पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं बाहेर आली, खडूनं रस्त्यावर घरं आखली आणि लंगडत उड्या. मी म्हटलं, चला, पोरंच आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळचे अकरा वाजले, मी चपला घालून हिला हाक मारतो, चल गं, नेतो पलीकडं… तर ही घरात नाही! बाहेर आलो, बघतो तर ही रस्त्याच्या मधोमध. एकटी. हातात पातेलं. थोरली तिकडनं निघालेली, ही इकडनं, आणि दोघी त्या नळीपाशी भेटल्या आणि तिथंच उभ्या राहून बोलत बसल्या! अर्धा तास! भर रस्त्यात! चौथ्या दिवशी दोघींनी खुर्च्या आणल्या. मी पायरीवरनं बघतोय, आणि वर्षभरात मी हिला अशी हसताना बघितली नव्हती हो. पण मला वाटलं, हे पिंपांमुळं. आपल्या डोक्याची कमाल!

सातव्या दिवशी पहाटेच पिंपं आत घेतली, खडी गोळा केली. पोरगी आली, खोकं उघडून बघितलं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मीटिंग, पुन्हा बिस्किटं. ह्यावेळी मी दोन घेतली. आणि ती उभी राहून सांगते, "चार गल्ल्यांपैकी यंदा एकच गल्ली आपण करू शकतो. जिथं सगळ्यात जास्त बाहेरच्या गाड्या घुसतात, ती आपण गाड्यांना बंद करणार. दोन्ही तोंडांना कुंड्या आणि खांब लावणार, पायी माणूस जाईल, सायकल जाईल, गाडी नाही जाणार. म्हातारी माणसं, मुलं बिनघोर रस्ता ओलांडतील." आणि मग म्हणते, "ती गल्ली म्हणजे मागची गल्ली!" आणि माझ्याकडं वळून, कौतुकानं, "आजोबा, अभिनंदन! तुमची गल्ली सगळ्यात शांत निघाली. दिवसाला नऊ गाड्या. तुम्हाला काहीच करायची गरज नाही!"

माझ्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं. हेडक्लार्क कानाशी येऊन म्हणतो, "मी म्हटलं होतं ना, पुढचं ऐका. पुढं हेच लिहिलं होतं."

महिन्यात मागच्या गल्लीत कुंड्या बसल्या. मग मागच्या गल्लीतल्या गाड्या कुठं गेल्या? सांगा, कुठं जातील? आल्या ना आमच्याकडं! आधी आमच्या, आता त्यांच्याही! अकराचं काम आता साडेअकराला होतं, अर्धा तास मी हिचा हात धरून कडेला उभा, एक पाऊल पुढं, दोन मागं, पुन्हा ए घे पुढं, ए घे मागं!

शेवटी मी हिला सगळं सांगितलं. पिंपं, नळी, सगळं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "अहो, मला वाटलं होतं, त्या पोरीनंच तुमची पिंपं मागून ते आठ दिवस करून दाखवले." आणि मग म्हणाली, "आणि तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर?" मी म्हटलं, मीठ कमी पडलंय का बघ.

दुसऱ्या दिवशी गेलो ऑफिसात, पोरीपुढं उभा राहिलो, कबूल केलं. ती आधी ऐकत होती, मग तिनं डोकं टेबलावर टेकलं. मला वाटलं, रडते की काय. हसत होती! म्हणाली, "आजोबा, आम्ही तीन वर्षं जे करायला परवानग्या मागतोय, ते तुम्ही चार पिंपांत केलंत." म्हटलं, पुन्हा मोजा. म्हणाली, "गल्लीतल्या घराघराची सही आणा, पुन्हा मोजू, आणि यंदा आणखी एक गल्ली मागून बघू." सह्या आणल्या! घरोघर हिंडलो, हेडक्लार्कनं प्रत्येक दारात अख्खा अर्ज मोठ्यानं वाचला, लोकांनी तो थांबावा म्हणून सह्या केल्या.

आणि पुन्हा नळी आली! हिनं पिंपांना साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. थोरली समोरच्या खिडकीत पहाऱ्याला बसली, "भाऊजी, पायरीवरनं उठायचं नाही!" उठतोय कशाला? मी तर पायरीवरनं गल्लीच्या तोंडाकडं बघत बसलो, ये बाबा ये, आत ये, हा शॉर्टकट आहे, लाजू नको! पहिल्या दिवशी काय गाड्या आल्या, काय गाड्या आल्या! फुस्स-टिक-फुस्स-टिक, कानाला इतकं गोड लागत होतं…

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर येतो तर… गल्लीच्या दोन्ही तोंडांना पिंपं! लाल-पांढरी! फळी! फडकं! खडी! आणि अख्खी गल्ली आपापल्या दारात उभी, आणि सगळे बघतायत कोणाकडं? माझ्याकडं! "मी नाही हो!" शपथ घेतली, कुलूप दाखवलं, हिच्या कमरेची किल्ली दाखवली, ही किल्लीकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते! शेवटी पाणीखात्याचा मुकादम आला म्हणून वाचलो. पाइप बदलायचाय म्हणे, दोन्ही तोंडांना आडवा खड्डा, वर पायी जायला फळ्या. आठ दिवसांचं काम. ह्याच आठवड्यात! आणि मी विचारलं, आमच्या गल्लीत खणताय, कोणाला विचारलं होतंत? तर म्हणतो, "विचारायचं कशाला?"

आता मोजणी पुन्हा वाया. पोरगी म्हणते, "आजोबा, आता पुढच्या वर्षीच." पुढचं वर्ष! आमच्या वयात पुढचं वर्ष सांगतात का कोणाला?

पण काल अकरा वाजता बघितलं, ही चप्पल घालून एकटी निघाली. एकदासुद्धा माझ्याकडं न बघता, पलीकडं. पातेलं घेऊन.

मग मी काय केलं? किटलीभर चहा केला, मुकादमाला नेऊन दिला, त्याच्या शेजारी खड्ड्याच्या कडेला बसलो, आणि म्हटलं, मुकादम, घाई करू नका. चांगलं खोल खणा. एक पाइप काय बदलताय, दोन बदला. चहा रोज मी आणतो, पण सावकाश!

आणि तुम्हाला सांगतो, तो माणूस कप हातात धरून तसाच थांबला. वास घेतला चहाचा. वीस वर्षांच्या नोकरीत म्हणे, प्रत्येक गल्लीत लोकांनी लवकर उरका म्हणून शिव्या घातल्या, सावकाश करा म्हणणारा हा पहिलाच. आणि माझ्याकडं असा बघतोय, असा बघतोय… "आजोबा, खरं सांगा, तुमचा डाव काय आहे?"

चहा गार झाला, पण पठ्ठ्यानं घोट घेतला नाही.