सममितीची व्याख्या

आमच्या शाळेतल्या तपासणीचं सांगते. आमची सोलापुरातली शाळा, पाचवीचा वर्ग. साहेबांनी विचारलं, "सममिती म्हणजे काय?"

व्याख्या मी महिनाभर मुलांकडून घोकून घेतली होती, तरी सगळा वर्ग माझ्याकडेच बघायला लागला.

तेवढ्यात मागच्या बाकावरची नागमणी उठली. तिच्या घरी चादरींचे माग आहेत. म्हणाली, "चादर मधोमध दुमडायची, सर. दोन्हीकडची नक्षी एकावर एक बसली, की झाली सममिती."

साहेब पुस्तक चाळायला लागले. "हे कुठल्या पानावर आहे?"

"पुस्तकात न्हाई सर, आमच्या घरी हाय की. या बघायला."

साहेब हसले नाहीत. शेरेबुकात मात्र लिहून गेले, 'वर्गाला व्याख्या येत नाही, सममिती येते.'