पाहुणीचा होकार

मावशी: तिला सोफ्यावर एकटीला बसवून तू इथे फोडणीकडे काय बघत उभी राहिलीस?

ज्ञानदा: हळू ना, मावशी! ऐकू जाईल.

मावशी: आयझाला मराठी येत असेल तर तुझी पीएचडी तिलाच देऊन टाकू. शुक्रवारच्या कॉन्फरन्सचं काय ठरवलंस?

ज्ञानदा: तिचं रेकॉर्डिंग ऐकवणार. त्यात ती भावाबद्दल बोलते, पण त्याचं नाव, गाव, सगळं एडिट करून काढलंय. अगं, चेचेन, इंगुश आणि बात्स, कॉकेशसमधल्या नाख शाखेत भाषा तीनच. इथे शिकागोच्या आसपास इंगुश बोलणारी मला ही एकटी मिळाली. अख्खा चॅप्टर तिच्या आवाजावर उभा आहे.

मावशी: आणि तो भाऊ?

ज्ञानदा: लपूनच आहे तिकडे, शोधणारे अजून मागावर आहेत. काल हिच्या भाच्याचा फोन आला, चिडला होता. म्हणे, आमच्याकडे आवाजावरून घराणं ओळखतात, नाव कशाला लागतं?

मावशी: मग?

ज्ञानदा: मग काय! तिने स्वतः हो म्हटलंय, सही केलीय. तू होतीस की!

मावशी: होते ना. मी शाल छान आहे म्हटलं, तर बाईने अंगावरची काढून माझ्या हातात दिली. आपण जेवेपर्यंत टेकली नाही. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. तिच्याकडे जाताना गाडीत तूच शिकवलीस मला. आणि तिच्याच घरात बसून होकार मागितलास.

ज्ञानदा: मी मुद्दाम नाही गं...

मावशी: मी शाल घेऊन आले, तू आवाज. जमेच्या बाजूला दोघी सारख्याच.

ज्ञानदा: म्हणून आज तिला जेवायला बोलावलंस?

मावशी: आज पाहुणी ती आहे. तिला पुन्हा विचार.

ज्ञानदा: आणि नाही म्हणाली तर? माझी दोन वर्षं जातील यार!

मावशी: तिचा भाऊ जाईल. जा, पोळ्या मी बघते.

(ज्ञानदा बाहेर जाते. बऱ्याच वेळाने परत येते.)

मावशी: काय म्हणाली?

ज्ञानदा: आधी हो हो करत राहिली. मी म्हटलं, आज मी तुमच्या दारात आलेली नाही, तुम्ही आमच्याकडे आलायत.

मावशी: आणि?

ज्ञानदा: नाही म्हणाली. इंगुशमध्ये.

मावशी: नीट कळलं ना तुला?

ज्ञानदा: शब्द माहीत होता गं. तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला.