झाडाला टक्के किती?

नाही, पण मला एक सांगा, झाडाला टक्के किती असतात? मी सांख्यिकीत पीएच.डी. केली, उल्हासनगरच्या कॉलेजात उभी हयात शिकवण्यात घालवली, विद्यापीठाचे पेपर काढले, तपासले, आणि सत्तरी उलटल्यावर भर सोसायटीत, सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी, माइकवरून मला हा प्रश्न विचारला गेला... आणि मला उत्तर आलं नाही! तुम्हाला सांगतो, मी काही सूड उगवणारा माणूस नाही. पण बाळाजीला मी सोडणार नव्हतो.

बाळाजी म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बेलवलीत आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे त्याच्या वडिलांचं भाताचं शेत होतं, त्यामुळे हा माणूस अजूनही जिना चढताना बांधावरून चालल्यासारखा चालतो आणि आम्ही सगळे त्याच्या शेतात उगवलोय अशा नजरेने बघतो. माणूस वाईट नाही... म्हणजे वाईटच आहे, पण रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी पहिली त्याचीच निघते, हे मला कबूल करावं लागतं, आणि तेच मला आवडत नाही. तर पूजेच्या संध्याकाळी दरवर्षी हा मुलांचा गुणगौरव करतो. ट्रॉफी, टाळ्या, फोटो. गेल्या वर्षी आमची ऋतिका, माझी नात, तेव्हा दुसरी पास झालेली, नवा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत बसली होती. स्टेजवर गेल्यावर आधी कुणाला नमस्कार करायचा याची घरी तालीम झाली होती!

आता तिच्या शाळेत मार्क नाहीत. मार्कांनी म्हणे मुलांच्या मनावर ताण येतो. म्हणून तिथे बीज, अंकुर, रोप आणि वृक्ष. बीज म्हणजे अजून काही येत नाही, वृक्ष म्हणजे सगळं येतं. मुलांचा ताण गेला, तो सगळा माझ्याकडे आला! ऋतिकाला मराठीत वृक्ष, गणितात वृक्ष, इंग्रजीत रोप. बाळाजीने ते प्रगतिपुस्तक माइकपुढे धरलं, सरळ बघितलं, उलटं बघितलं आणि म्हणाला, "सर, ह्या झाराला टक्के किती पकरू?"

अख्खी सोसायटी हसली. आमची ही हसली! चाळीस वर्षांचा संसार, आणि पदर तोंडाला लावून हसली! आणि ट्रॉफी कुणाला? सुयोगला. सुयोग कोण? बाळाजीचा नातू! त्याच्या शाळेत अ-एक, अ-दोन, ब-एक असल्या श्रेण्या. "अ-एक म्हंजे नव्वदचे वर. सरल हिशोब हाय." अहो, नव्वदच्या वर म्हणजे किती? ती एक मर्यादा आहे, संख्या नाही! पण हे सांगायला मी उठेपर्यंत फोटो काढून झाला होता. ऋतिकाला एक चॉकलेट मिळालं. घरी जाताना जिन्यात तिने मला विचारलं, "आजोबा, मी नापास झाले का?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? मी सूड उगवणारा माणूस नाही. पण त्या जिन्यात मी ठरवलं की पुढच्या वर्षी ही पोरगी स्टेजवर जाणार आणि बाळाजी खाली बसून टाळ्या वाजवणार. आणि तिला मी तसं सांगूनही टाकलं. नको होतं सांगायला... पण सांगितलं.

यंदा कमिटीच्या मीटिंगला मी स्वतः गेलो. म्हटलं, यंदाचा गुणगौरव शास्त्रशुद्ध झाला पाहिजे. सगळ्या शाळांची प्रगतिपुस्तकं एका मापात आणणारं सूत्र मी काढतो. बाळाजी म्हणाला, "कारा ना सर. तुमचेसारका शिकलेला मानूस असताना आमी कनाला डोका लावायचा?" लगेच कबूल! मला आनंद झाला, आणि मग पायऱ्या उतरताना शंका आली, इतक्या लवकर कबूल का झाला? माझं हे असंच आहे. मी जिंकलो तरी पुन्हा मोजून बघतो.

बसलो सूत्र काढायला. तीन मुलं, तीन शाळा, तीन तऱ्हा. सुयोगच्या श्रेण्या, ऋतिकाची झाडं, आणि तळमजल्यावरच्या पायलची तेजल, ती अंबरनाथ पश्चिमेला शाळेत जाते, तिच्या पुस्तकात तारे! पाचपैकी. हिंदीत साडेतीन तारे. अर्धा तारा कसा काढतात हो? पायल मला विचारते, "सर, साडेतीन स्टार म्हणजे टेन्शन घ्यायचं की नाही? हॉटेलला असते तर मी बिनधास्त ऑर्डर केली असती." काय सांगणार! मी कागदावर कागद भरले. शेवटी लक्षात आलं की शाळेच्या अभ्यासात तिघंही उन्नीस-बीस. असं असेल तर सुयोगला मागे टाकणार कसा?

आणि मग मला ते दिसलं! ऋतिकाच्या प्रगतिपुस्तकात शेवटचं एक पान असतं, 'घरचं मत'. मूल घरी कसं वागतं ते पालकांनी भरायचं. तेही बीज, अंकुर, रोप, वृक्ष. हे पान बाकी दोघांच्या पुस्तकात नाहीच! मी काय केलं, शाळेला साठ टक्के वजन दिलं आणि घरच्या मताला चाळीस. ज्याच्याकडे ते पान नाही त्याला तिथे शून्य. शास्त्रशुद्ध! सर्वांगीण विकास! सूत्र टाइप करून, खाली सही ठोकून नोटीस बोर्डावर लावलं आणि घरी येऊन दोन वाट्या शिरा खाल्ला. मी सूड उगवणारा माणूस नाही हो, पण शिरा गोड लागला.

त्याच भरात उल्हासनगरला गेलो ट्रॉफ्या आणायला, पहिल्या दोघांसाठी दोन. दुकानदार सिंधी. म्हणाला, "किसके लिए है, साईं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पोती के लिए." "अरे, तो बड़ी वाली लो ना! छोटी में शान नहीं आती." घेतली मोठी. ऋतिकाच्या कमरेला लागेल एवढी.

आणि इथे माशी शिंकली. पायल नोटीस वाचून वर आली. "सर, हे काय? आमच्या तेजलला घरचं मत नाही? आम्ही काय घरात राहत नाही का?" मागून बाळाजी. "बराबर बोलते ती. आमी कोरे कागदावर लिवून देताव." आता मी नाही कसं म्हणणार? पक्षपाती दिसलो असतो. म्हटलं द्या. अगदी उदार मनाने म्हटलं! मला वाटलं, माणसं स्वतःच्या मुलांबद्दल खरं लिहितील. अहो, मी तीस वर्षं वर्गात शिकवलं की माणसाला स्वतःच्या माणसाबद्दल विचाराल तर तो फुगवूनच सांगणार! परीक्षेत हा प्रश्न दहा मार्कांना विचारायचो!

बाळाजीचा कागद आला. "आमचा सुयोग आदर करतो, भाकरी खातो, आजीला टायमावर गोली देतो. सगल्यात वृक्ष." पायलने प्रत्येक गुणापुढे पाच तारे काढले होते आणि प्रेमाने वर एक सहावा.

आणि आमचं पान? ते मार्चमध्येच भरलं होतं. कुणी? मी! सून म्हणाली होती, "बाबा, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हीच भरा." आता माझी पेपर तपासण्याची पद्धत अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. दहापैकी सातच्या वर मी हयातीत कुणाला दिले नाहीत. पाट्या टाकणं माझ्या स्वभावात नाही. मोठ्यांचा आदर: अंकुर, कारण मी बातम्या बघत असताना तिने चॅनेल बदललं होतं. स्वच्छता: रोप. जिज्ञासा: रोप, 'प्रश्न पुष्कळ विचारते, पण उत्तर पूर्ण ऐकत नाही.' वृक्ष एकही नाही. आठ वर्षांची मुलगी वृक्ष कशी असेल? खाली शेरा: 'सुधारणेला वाव आहे.' आणि सही, पीएच.डी.सकट.

घाम फुटला हो! शाळेत बाईंना फोन केला, स्पीकरवर, घरातल्या सगळ्यांसमोर. "मॅडम, ते घरचं मत जरा बदलायचं होतं." "सॉरी सर, सिस्टीमवर लॉक झालंय. पण सर, काय सुंदर लिहिलंत! बाकी पालक नुसते वृक्ष वृक्ष करतात. तुमचं पान आम्ही सगळ्या टीचर्सना दाखवलं." सून नेत्रा म्हणाली, "बाबा, मग सूत्र बदला." बदला? सही करून लावलेलं सूत्र? रात्रभर कूस बदलत राहिलो, सूत्र काही बदललं नाही.

पूजेच्या संध्याकाळी निकाल मीच वाचला. पहिला सुयोग. दुसरी तेजल. संपल्या ट्रॉफ्या. ऋतिका पहिल्या रांगेत, त्याच फ्रॉकमध्ये, आता तो आखूड झालेला. आणि बाळाजी माइकवर काय म्हणतो? "सरांनी यवरी म्हेनत केली, मंग ट्राफी सरांचेच हातशी द्यायची!" टाळ्या! ती मोठी ट्रॉफी मी सुयोगच्या हातात दिली, आणि पोराने वाकून मला नमस्कार केला. आदर: वृक्ष. खोटं नव्हतं लिहिलेलं!

घरी आल्यावर ऋतिकाने प्रगतिपुस्तक काढलं. तिचं ते शेवटचं पान घेऊन बसली, बोट ठेवून सगळं वाचलं. मग म्हणाली, "आजोबा, अंकुर म्हणजे मी तुमचा आदर करत नाही?" मी म्हटलं, करतेस गं, पण पूर्ण गुण द्यायची पद्धत नाही... ती आत गेली. थोड्या वेळाने वहीचा कागद घेऊन आली. माझं प्रगतिपुस्तक. गणित: वृक्ष. दिलेला शब्द पाळणे: बीज. नातीबद्दल चांगलं बोलणे: बीज. खाली शेरा, माझ्याच शब्दांत: 'सुधारणेला वाव आहे.'

तुम्हाला सांगतो, मी सूड उगवणारा माणूस नाही, पण ही पोरगी माझ्यावर गेली आहे. मी चष्मा पुसला आणि विचारलं, "बाई, पुनर्तपासणी होईल का?"

म्हणाली, "सॉरी सर, सिस्टीमवर लॉक झालंय."