पाहुण्याची डबी

माझं लग्न कसं जमलं ते ऐका. मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाशी पांढऱ्या पेशी कशा लढतात, यावर मी अमरावतीच्या लॅबमध्ये काम करते. तुलनेसाठी निरोगी माणसांची लघवी लागते, आणि ती कोणी देता देत नाही. तेवढ्यात अकोल्याहून मुलगा मला पाहायला आला.

"तुमच्यासाठी काहीपण करीन," म्हणाला. मी लगेच पर्समधून डबी काढली. बिचाऱ्यानं लाजत भरून दिली.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, तर पेशींची जत्रा! फोन लावला.

"तुमाले जळजळ होते का?"

"तुमाले कोणं सांगितलं?"

"तुमच्या पेशींनी. डॉक्टरले दाखवा."

संध्याकाळी त्याच्या आईचाच फोन.

"महिनाभर आमच्यापासून लपवून राहिला होता, बाई. तुले एका दिवसात समजलं. याले तूच पाहिजे!"