तात्यांचं स्टूल

आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, नादच करायचा नाही! ते सीनाकाठी गावाचा पाण्याचा पंप चालवतात. मागच्या पुरात पंपाचा स्टार्टर बुडाला, म्हणून पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी तो भिंतीवर पार उंच बसवला. तात्या बुटके. स्टुलावर चढून बटण दाबायचे.

यंदा पुन्हा पूर आला. ओसरल्यावर साहेबांचा फोन.

"तात्या, स्टार्टर कोरडा आहे ना?"

"लई कोरडा हाय की."

"मग पंप चालू करा! गाव तहानलंय."

"स्टूल व्हावून गेलं, साहेब."

शेवटी मी तात्यांना खांद्यावर घेतलं, तेव्हा गावाला पाणी मिळालं.

साहेबांनी नवं स्टूल दिलं. ते पुरात जाऊ नये म्हणून तात्यांनी स्टार्टरच्याही वर खुंटीला टांगलंय. आता रोज सकाळी मला हाक येते, "ये की रं लेका, पाण्याची येळ झाली!"