गच्चीवर पापड, घरात एरियल

...आणि वर मलाच विचारतात, 'वाल्मीकराव, घरात कसल्या तारा बांधून ठेवल्यात?' अहो, मला काय हौस आहे का जेवताना डोक्यावर तार लोंबकळत ठेवायची? सगळे लोक हॅम रेडिओची, म्हणजे घरबसल्या गावोगावच्या माणसांशी बोलायच्या रेडिओची, एरियल छपरावर बांधतात. उंच! मोकळ्यावर! पण आमच्या छपरावर काय? पापड!

तुम्हाला सांगतो, नाशिकला द्वारका चौकामागे ही खोली घेतली तेव्हा गच्ची रिकामी होती. मालकीणकाकू स्वतः म्हणाल्या, 'उन्हाळ्यात झोपा हो वर खुशाल.' मग आम्ही सामान लावलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली. काकू वाटीत साखर घेऊन आल्या, तसबिरीकडे बघितलं, साखर घेऊन परत गेल्या... आणि त्या दिवसापासून गच्चीवर पापड! श्रावणात धो धो पाऊस पडतोय, मी विचारतो, 'काकू, एक तार बांधू का वर?' तर खिडकीतूनच, 'नको हो, पापड वाळतायत!' पावसात?

बरं, मला रेडिओची एवढी खाज कशाला? तर आम्हा हॅमवाल्यांत माणसाला नाव असतं आणि सरकारनं दिलेली कॉल साइन, म्हणजे हवेतला नंबर. संपलं! नाव सांगा, गाव सांगा, आवाज कसा येतोय सांगा. ऑफिसात, नळावर, खोली बघायला गेलं की आधी आडनाव आणि मग भाडं! म्हटलं, एक तरी माणूस असा भेटू दे जो नुसत्या वाल्मीकशी बोलेल. तेवढ्यासाठी परीक्षा दिली, मोर्सची टिकटिक शिकलो, पोलीस चौकशीही झाली. हवालदार म्हणतो, 'पाकिस्तानशी बोलणार काय?' म्हटलं, 'साहेब, मला गच्चीपर्यंत जाऊ देत नाहीत, पाकिस्तान कुठलं!'

शेवटी बांधली घरातच. वीस मीटर तार आणि दहा बाय दहाच्या दोन खोल्या! पंख्याच्या हुकापासून निघाली, दारावरून स्वयंपाकघरात, तिथून वळून मोरीपर्यंत. आमच्या बायकोनं, चांगुणानं, लग्नातल्या प्लास्टिकच्या बांगड्या काढून दिल्या, तार भिंतीला टेकू नये म्हणून त्या खिळ्यांना अडकवल्या आणि तार त्यांतून ओवली. म्हटलं, हात लावू नको, चटका बसेल. तर म्हणते, 'वर गच्चीला हात लावायचा नाय, खाली तारेला लावायचा नाय, मग मी उभी कुठं राहू?' आता काय सांगू तिला? पापड वाळतायत!

रविवारी सकाळी सेट चालू केला. 'सीक्यू, सीक्यू'... म्हणजे, कुणी आहे का हो तिथे? बोलतोय, बोलतोय, हूं नाही की चूं नाही. आणि वरून किंकाळी! आमची तार छताला, छताच्या वर काकूंचं देवघर, देवघरात रेडिओ, रेडिओवर अभंग, आणि अभंगातून मी! 'नाशिकहून वाल्मीक बोलतोय, कुणी ऐकतंय का?' ज्याला जिना चढायची चोरी, त्याचा आवाज थेट देवापुढे! काकूंनी काय करावं? रेडिओवर गोमूत्र शिंपडलं. चालू रेडिओवर! फट्... धूर! 'वाल्मीकराव, तुमच्यापायी रेडिओ गेला, खोली सोडा!' अहो काकू, रेडिओला बंद करायचं बटण असतं हो!

संध्याकाळी म्हटलं, खोली जायचीच आहे, एकदा शेवटचं बोलून बघू. आणि आला! पुण्याहून आवाज आला! वयस्कर, प्रेमळ माणूस. 'नमस्कार वाल्मीक, फारच सुरेख ऐकू येताय! एरियल कुठे बांधलीत?' म्हटलं, 'घरातच सर, गच्चीवर पापड आहेत.' हसले हो! केवढे खळखळून हसले! 'घरातल्या तारेवर एवढं? शाब्बास!' चांगुणा भाकरी थापायची थांबली. मला तर रडूच आलं. तोंड न बघता मला शाब्बास म्हणणारा हा पहिलाच माणूस, काय सांगू तुम्हाला!

मग म्हणाले, 'वा, वा... आणि वाल्मीकराव, आडनाव काय आपलं? नाही, म्हणजे... आपण मूळचे कोण?'

चांगुणा माझ्याकडे बघतेय. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, 'सर, तुमचा आवाज तुटतोय... काहीच ऐकू येत नाही.' आणि सेट बंद केला.

तुम्हाला सांगतो, इतका स्वच्छ आवाज त्या तारेवर पुन्हा कधी आला नाही.